उरागाच्या दारात: टोकियोजवळच्या एका द्वीपकल्पावरचा एक दिवस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. मधे वाजलेली दाराची बेल आणि माझं खोकणं काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

टोकियोत राहायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. भारतातून कुणी पाहुणे आले की ठरलेला प्रश्न येतो, "एका दिवसात समुद्र बघून परत येता येईल असं काही आहे का गं?" मी डोळे झाकून सांगते, मिउरा द्वीपकल्प. शिनागावा स्टेशनवरून केइक्यू कंपनीची लाल ट्रेन पकडायची, तास-सव्वा तासात समुद्र. पाहुणे मग टोकाला मिसाकी बंदरावर जातात, ट्यूना मासा खातात, कड्यांवर फोटो काढतात आणि खूश होऊन परत येतात. त्यात चूक काही नाही. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं.

पण गेल्या नोव्हेंबरात मी एकटी गेले आणि टोकापर्यंत पोचलेच नाही. मधेच उरागा नावाच्या छोट्या गावात उतरले आणि दिवसभर त्याच चार-पाच किलोमीटरमध्ये फिरत राहिले. आजचा एपिसोड त्या चार-पाच किलोमीटरचा आहे.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. टोकियोचा उपसागर म्हणजे आजीच्या कनवटीच्या बटव्यासारखा. आत पसरट आणि तोंडाशी आवळलेला. बटव्याच्या तोंडाच्या एका बाजूला मिउरा द्वीपकल्प, दुसऱ्या बाजूला बोसो द्वीपकल्प. सगळ्यात अरुंद जागी दोघांमध्ये जेमतेम सात किलोमीटर पाणी आहे. टोकियोचं जुनं नाव एदो. तिथे शोगुन राहायचा, म्हणजे देशाची खरी सत्ता ज्याच्या हातात होती तो लष्करी प्रमुख. समुद्रातून एदोला जायचं तर या बटव्याच्या तोंडातूनच जावं लागणार. म्हणून १७२० साली शोगुनने उरागाला आपला एक अधिकारी बसवला. एदोकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांनी इथे थांबायचं, तपासणी करून घ्यायची, मगच पुढे जायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा समुद्रावरचा नाका.

आज नाक्याचं काही शिल्लक नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की आधी जुन्या गोदीची भिंत लागते. ही गोदी विटांची आहे, १८९९ची, आणि २००३ मध्ये बंद झाली. तिच्या कडेकडेने चालत गेलं की एक चिंचोळी खाडी येते. गाव खाडीच्या दोन्ही काठांना. पलीकडे जायला होडी आहे, आणि ही होडीची सेवा अठराव्या शतकापासून चालू आहे. होडी समोरच्या काठाला असेल तर धक्क्यावरचं बटण दाबायचं. नावाडी येतो. महापालिकेच्या दप्तरात हा पाण्याचा पट्टा चक्क रस्ता म्हणून नोंदलेला आहे!

मी बटण दाबलं आणि उभी राहिले. माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठचं. लहानपणी तरीची वाट बघत असंच उभं राहायचो, आजीच्या पिशवीत कायम कोकमं. ते आठवलं, दुसरं काय.

होडीत मी आणि सायकलवाले एक आजोबा एवढेच. तीन-चार मिनिटांत पलीकडे. तिथून किनाऱ्याने चालत गेलं की तोम्योदो लागतं, म्हणजे जुनं दीपगृह. १६४८ मध्ये इथे पहिल्यांदा दिवा लागला, तेलाचा. आत्ताची लाकडी इमारत १९८९ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. समोर बोसोचे डोंगर, मधून कंटेनरने लादलेली अजस्र जहाजं एकामागोमाग एक जात असतात. मी डबा उघडला आणि वरून आलेल्या घारीने हातातला भाताचा गोळा उचलून नेला. पाटी होती, "घारींपासून सावध राहा." पाटी नंतर वाचली.

आता मुद्द्यावर येते. जपानचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना एका वाक्यात माहीत असतो. जपानने दोनशे वर्षं दारं बंद ठेवली, मग १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजं घेऊन आला आणि दारं उघडली. ते दार म्हणजे हेच, उरागा. पण मी जिथे उभी होते, त्याच्या मागच्या टेकडीवर पूर्वी एक तोफखाना होता, आणि त्या तोफा पेरीवर कधीच चालल्या नाहीत. त्या चालल्या सोळा वर्षं आधी, १८३७ मध्ये. त्या जहाजावर सात जपानी माणसं होती, आणि ती घरी परत येत होती.

ही गोष्ट नीट सांगते.

१८३२ मध्ये होजुनमारू नावाचं मालवाहू जहाज एदोला निघालं. आत तांदूळ, चिनीमातीची भांडी आणि चौदा खलाशी. त्यातला एक ओतोकिची, चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, आजच्या नागोयाजवळच्या ओनोउरा गावचा. वादळात सुकाणू गेलं आणि जहाज पॅसिफिकमध्ये भरकटलं. एक-दोन आठवडे नाही, तब्बल चौदा महिने! शेवटी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात, जहाज लागलं तेव्हा तिघेच जिवंत होते. इवाकिची, क्युकिची आणि ओतोकिची. तिथल्या मूळ रहिवाशांच्या ताब्यातून ब्रिटिश व्यापारी कंपनीने त्यांना सोडवलं, लंडनमार्गे मकाऊला पाठवलं. मकाऊत त्यांना क्युशू बेटाकडचे आणखी चार जपानी भेटले, तेही असेच वाहून गेलेले. झाले सात.

एका अमेरिकन व्यापाऱ्याच्या मनात आलं की या सातांना घरी पोचवू. त्यात व्यापाराचं दार उघडण्याची आशाही होती, ते नाकारायचं कारण नाही. त्याने मॉरिसन नावाचं जहाज तयार केलं. हेतूबद्दल शंका नको म्हणून तोफा मकाऊलाच उतरवून ठेवल्या. जहाजावर त्याची बायको होती, एक मिशनरी डॉक्टर होता, आणि सॅम्युएल वेल्स विल्यम्स नावाचा एक तरुण मुद्रक होता. याचं नाव लक्षात ठेवा.

३० जुलै १८३७ला मॉरिसन या बटव्याच्या तोंडाशी आलं. टेकडीवरून तोफा सुरू झाल्या. जहाज जरा बाजूला जाऊन थांबलं. कोळ्यांच्या होड्या जवळ आल्या, काही जण कुतूहलाने डेकवर चढले. सातांना वाटलं असेल, आता होईल. दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावरून पुन्हा तोफा. नांगर उचलून निघावं लागलं. मग दक्षिणेला कागोशिमाला प्रयत्न केला. तिथेही तोफाच. सात जणांना घेऊन जहाज मकाऊला परतलं.

उरागाचा अधिकारी दुष्ट होता का? नाही हो. त्याच्याकडे १८२५चा हुकूम होता. परदेशी जहाज दिसलं की दुसरा विचार न करता तोफा डागा. त्यामुळे जहाजात कोण आहे हे कुणी विचारलंच नाही. आत आपलीच माणसं होती हे सरकारला वर्षभराने, नागासाकीच्या डच व्यापाऱ्यांकडून कळलं. त्यावर वातानाबे काझान आणि ताकानो चोएई या दोन विद्वानांनी टीका लिहिली, तर १८३९ मध्ये त्यांनाच पकडलं.

हुकूम बदलला तो १८४२ मध्ये, आणि तोही सात खलाशांच्या दयेने नाही. चीन अफूच्या युद्धात इंग्रजांकडून हरला, ती बातमी एदोला पोचली आणि तोफांऐवजी जहाजांना सरपण-पाणी देऊन परत पाठवा असं ठरलं. इथे आपला एक धागा लागतो, जरा अस्वस्थ करणारा. चीनला जाणाऱ्या अफूतली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. आणि ज्या नानकिंगच्या तहाने ते युद्ध संपलं, तो तह एचएमएस कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर झाला. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, सागवानाची. तर उरागाच्या तोफा शांत व्हायला मुंबईचा असा हात लागला. यावर अभिमान बाळगायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

दीपगृहावरून उठले आणि कुरिहामाकडे चालायला लागले. रस्ता टेकडीला वळसा घालून जातो, समुद्र कधी दिसतो कधी लपतो. संत्र्यांसारख्या छोट्या फळांनी लगडलेली झाडं घराघरासमोर. चढ फारसा नाही, बूट मात्र बरे घाला.

८ जुलै १८५३ला पेरीची चार जहाजं उरागासमोर आली. दोन वाफेवर चालणारी, धूर सोडणारी. नाकाजिमा साबुरोसुके हा स्थानिक अधिकारी एका दुभाष्याला घेऊन होडीतून गेला. दुभाष्याला परकीय भाषा येत होती ती डच. वर घेईनात, तेव्हा त्याने आपण उपराज्यपाल आहोत अशी थाप मारली आणि चढला. मला हा माणूस फार आवडतो. कारण त्याने त्या जहाजावर डोळे उघडे ठेवले, आणि पुढच्याच वर्षी उरागाला पाश्चात्त्य पद्धतीची मोठी नौका बांधून काढली. बघायला लोकांची झुंबड उडाली. दूरदूरचे सामुराई आले.

पेरीला नागासाकीला जा असं सांगितलं, तो हलला नाही. शेवटी १४ जुलैला कुरिहामाच्या वाळूवर घाईघाईने उभ्या केलेल्या मंडपात त्याने अमेरिकेच्या अध्यक्षांचं पत्र दिलं. बरोबर तीनशेच्या आसपास सैनिक आणि खलाशी. समोर हजारो जपानी शिपाई. अर्ध्या तासात कार्यक्रम संपला, कुणी कुणाशी चर्चा केली नाही. पुढच्या वर्षी तो जास्त जहाजं घेऊन परत आला आणि ३१ मार्च १८५४ला तह झाला.

आता ते लक्षात ठेवलेलं नाव काढा. पेरीच्या बरोबर दुभाषा म्हणून कोण होता? सॅम्युएल वेल्स विल्यम्स. सोळा वर्षांपूर्वी बिनतोफांच्या मॉरिसनवरून ज्याने याच किनाऱ्यावरच्या तोफा ऐकल्या होत्या, तो. त्याला जे काही जपानी येत होतं ते शिकवलं होतं घरी जाऊ न शकलेल्या त्या खलाशांनीच. आणि पत्रात अमेरिकेच्या ज्या मागण्या होत्या, कोळसा, व्यापार वगैरे, त्यातली एक काय होती? जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या माणसांना माणसासारखं वागवा.

पेरीच्या ताफ्यावर एक जपानी खलाशीही होता, सेन्तारो. तोही वाहून गेलेला. अमेरिकन लोक त्याला सॅम पॅच म्हणायचे. १८५४ मध्ये जपानी अधिकाऱ्यांसमोर त्याला उभं केलं, आता तू घरी येऊ शकतोस म्हणून. तो गुडघ्यांवर पडला आणि थरथरायला लागला. बाहेर गेलेल्याला मरणाची शिक्षा हे त्याच्या हाडांत भिनलेलं होतं. तो परत अमेरिकनांबरोबर गेला. देश उघडला तरी माणूस लगेच आत पाऊल टाकतोच असं नाही. (पुढे काही वर्षांनी तो आला, एका मिशनऱ्याबरोबर. १८७४ मध्ये टोकियोत वारला.)

कुरिहामाच्या किनाऱ्यालगत एक छोटी बाग आहे, तिचं नावच पेरी बाग. आत झोपाळे, घसरगुंडी, एक लहानसं संग्रहालय आणि मधोमध एक उंच दगडी स्मारक. अक्षरं इतो हिरोबुमींची, जपानच्या पहिल्या पंतप्रधानांची. स्मारकाची गोष्ट मला पेरीच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. १९०० मध्ये बिअर्डस्ली नावाचे एक म्हातारे अमेरिकन अॅडमिरल जपानला आले. तरुणपणी ते पेरीच्या जहाजावर होते. त्यांनी विचारलं, आम्ही उतरलो ती जागा कुठे? जागेवर काहीच खूण नव्हती. त्यातून वर्गणी जमली आणि १४ जुलै १९०१ला स्मारक उभं राहिलं.

मग दुसरं महायुद्ध. फेब्रुवारी १९४५ मध्ये हे स्मारक पाडलं गेलं. शत्रूचा सत्कार कशाला? ऑगस्टमध्ये जपान शरण गेला. अमेरिकन सैन्य शेजारच्या योकोसुकाला उतरलं. आणि नोव्हेंबरमध्ये तेच स्मारक पुन्हा उभं केलं! नऊ महिन्यांत आडवं आणि उभं. मी दगडाला हात लावून बघितला. दोन पोरं झोपाळ्यावर होती, त्यांची आई फोनवर. दगडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि का असावं?

मॉरिसनच्या सात जणांसाठी त्या बागेत असा दगड नाही. ज्यांच्यासाठी दार उघडलं त्या दिवसाचा उत्सव कुरिहामात होतो, फटाके उडतात. ज्यांच्या तोंडावर बंद झालं, त्यांचं नाव माहीत असायला असा एपिसोड ऐकावा लागतो.

इथे मला थोडं स्वतःचं सांगायचंय. एप्रिल २०२० मध्ये दाभोळला माझी आजी गेली. मार्चअखेरीपासून भारतात जाणारी विमानं बंद होती. पासपोर्ट भारताचा, तिकीट काढायला पैसे होते, पण जायला वाट नव्हती. पुढे काही महिने इथून बाहेर पडलेल्या परदेशी रहिवाशांना जपानमध्ये परत येणंही बंद झालं. दोन्ही दारं बंद आणि मी मधे, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये. आजीला मी फोनच्या पडद्यावर पाहिलं, चुलतभावाचा हात हलत होता म्हणून चित्रही हलत होतं. नियम का केले ते मला तेव्हाही कळत होतं. साथ होती. उरागाच्या अधिकाऱ्यालाही त्याचा नियम कळत असणारच. मी ओतोकिचीशी बरोबरी करत नाहीये, चौदा महिने समुद्रात राहिलेल्या माणसाशी कसली बरोबरी? फक्त मॉरिसनची गोष्ट मी त्या वर्षी वाचली आणि ती तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. उरागाला मधेच उतरले ती त्यामुळे.

तर ओतोकिचीचं पुढे काय झालं? तो शांघायला ब्रिटिश कंपनीत नोकरीला लागला. त्याच्यासारखे वाहून आलेले जपानी शांघायला पोचले की त्यांना सांभाळायचा, घरी जायची वाट काढून द्यायचा. १८४९ मध्ये ब्रिटिश नौका मॅरिनर जपानच्या किनाऱ्याची मापं घ्यायला निघाली, तिला दुभाषा हवा होता. ओतोकिची गेला. नौका कुठे आली? उरागाला. बारा वर्षांनी तो पुन्हा त्याच पाण्यात आला, समोर तीच टेकडी. यावेळी त्याने चिनी कपडे घातले होते आणि चिनी नाव सांगितलं होतं. जपानी अधिकारी जहाजावर आले, त्यांच्याशी तो त्यांच्याच भाषेत बोलला, आणि आपण चिनी आहोत असं सांगत राहिला.

त्या दीपगृहाशी बसून मी हेच डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करत होते. आपल्याच भाषेत बोलायचं आणि ही माझी भाषा नाही म्हणायचं. कुणी त्याच्या बोलीवरून ओळखलं असेल का? गावाकडचा एखादा शब्द निसटला असेल का तोंडून?

१८५४ मध्ये नागासाकीला, दुसऱ्या एका ब्रिटिश मोहिमेत, त्याला जपानमध्ये परतायची संधी मिळाली. तोवर शांघायला त्याचा संसार होता. तो परतला नाही. पुढे सिंगापूरला गेला. १८६२ मध्ये युरोपला निघालेल्या जपानी शिष्टमंडळात तरुण फुकुझावा युकिची होते, तेच जे २०२४पर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर होते, त्यांची सिंगापूरला ओतोकिचीशी गाठ पडली. १८६७ मध्ये तो तिथेच गेला, पन्नाशीच्या आत-बाहेर. पुढच्याच वर्षी शोगुनची राजवट संपली.

कुरिहामाहून परत निघाले तेव्हा साडेचार वाजले होते आणि अंधार पडायला लागला होता. नोव्हेंबरात इकडे सूर्य फार लवकर जातो, तुम्ही गेलात तर सकाळी लवकर निघा. वाटेत योकोसुका लागतं. तिथे मिकासा ही १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धातली नौका ठेवलीय, अमेरिकेचा मोठा नौदल तळ आहे, आणि नौदलाची करी मिळते, जी इंग्रज आरमाराच्या वाटेने आपल्याकडून तिथे पोचलीय. त्यावर एक वेगळा एपिसोड करीन, आज नाही. त्या दिवशी मी उतरले नाही. खिडकीशी बसले आणि फोनवर ओनोउरा गाव शोधलं.

२००५ मध्ये त्या गावची माणसं सिंगापूरला गेली होती. ओतोकिचीच्या अस्थींचा काही भाग त्यांनी बरोबर घेतला आणि विमानाने घरी आणला. निघाल्यापासून एकशे बहात्तर वर्षं आणि काही महिने झाले होते.